आमच्या स्कूटरला पाऊस सोसत नाही

माणूस असो की यंत्र, जरा वेळ नुसतं बघत बसलं की त्याच्या खोड्या मला कळतात! ऑफिसात मी इतरांचे हिशेब तपासतो. चूक कुठल्या टेबलावर झाली आहे हे फाईल उघडायच्या आधी मी चेहऱ्यांवरून ओळखतो. चूक करणारा माणूस त्या दिवशी मला आपणहून चहा विचारतो. म्हणूनच आमची स्कूटर पावसात बंद पडायला लागली, तेव्हा मेकॅनिकचा विषय मी घरात निघूच दिला नाही. "माझ्यावर सोड," असं बायकोला सांगितलं. त्यावर ती काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं मी संमती या सदरात टाकतो. ती तसं मानत नाही, पण तो वेगळा वाद.

स्कूटर नावाला माझी. चालवते बायको. एका छोट्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये ती रक्त तपासते आणि रोज सकाळी लॅब उघडायची किल्ली तिच्याकडे असते. या किल्लीचा तिला फार अभिमान. दार उघडायच्या आधीच तिथे उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं उभी असतात, आणि उपाशी माणसाला पाच मिनिटांचा उशीरही खून केल्यासारखा वाटतो. पावसापायी तिला दोनदा उशीर झाला होता. पुन्हा झाला तर किल्ली दुसऱ्या बाईंकडे द्यावी लागेल, असं मोठ्या डॉक्टरीणबाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

"गोड आवाजात सांगितलं ना, मग विचार चालू असेल," मी म्हणालो.

"ओरडल्या असत्या तर विचार चालू असता," बायको म्हणाली. "गोड बोलल्या म्हणजे ठरलंय."

स्कूटरचा आजार मोठा विचित्र होता. ऊन असलं की तिच्यासारखी गुणी तीच. पाऊस आला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐटीत जायची, मग खोकायची, उचक्या द्यायची आणि मान टाकायची. जरा वेळ तशीच उभी ठेवली की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. ऑफिसात असा एक माणूस आमच्याकडेही आहे, पण त्याला निदान पाऊस लागत नाही.

मी निदान केलं: प्लगमध्ये पाणी शिरतंय. आता हे सिद्ध करायचं तर पाऊस हवा, आणि रविवारी तर लख्ख ऊन! मी डगमगलो नाही. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली, खाली अंगणात स्कूटर चालू केली आणि तिच्या एकेका अवयवावर फवारा मारायला लागलो. आधी प्लगवर. ती डुगडुगत राहिली. मग वायरवर, मग खाली इंजिनावर. ढिम्म फरक नाही! शेवटी बादली ओतली, तरी ती पठ्ठी चालूच.

इतक्यात वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. मी रविवारी गाड्या धुऊन देतो अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी नातवाची सायकल आणून उभी केली, चिखल जास्त आहे म्हणून आधीच दिलगिरीही व्यक्त केली. "नाही" म्हणायला मला जमलं नाही. मला सायकल धुताना बघून शेजारचे शिक्षक आपली मोटारसायकल ढकलत आले. दुपारपर्यंत इमारतीतल्या निम्म्या गाड्या चकचकीत झाल्या आणि माझ्या स्कूटरचा दोष होता तिथेच राहिला.

हे सगळं माझे सासरे खुर्ची टाकून बघत होते. ते हल्ली आमच्याकडेच असतात. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. बोलणं कमी, पण तुमच्याकडे बघतील ते मापं घेतल्यासारखं. मी वर जाताना ते एवढंच म्हणाले, "चिंता करू नका, जावईबापू. पावसाचं मी बघतो." म्हातारपणी माणूस काहीही बोलतो, म्हणून मी मान डोलावली आणि विसरलो.

मंगळवारी संध्याकाळी आभाळ काळंकुट्ट झालं. मी खाली जाऊन स्कूटरचा नेहमीचा बंदोबस्त करून आलो आणि बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "उद्या पाऊस पडू दे, नाहीतर गारा पडू देत." थोड्या वेळाने सासरेबुवाही पाय मोकळे करायला म्हणून खाली जाऊन आले.

सकाळी पाऊस कोसळत होता. स्कूटर दणक्यात पास होणार याची मला खात्री होती आणि कौतुकाच्या वेळी आपण जागेवर असावं, म्हणून मी छत्री घेऊन आधीच गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. बघतो तर सासरेबुवा तिथे माझ्या आधी हजर! ते का आले होते, हे मला कळेना. मी का आलो होतो, हे त्यांनी विचारलं नाही.

बायको रेनकोट घालून ऐटीत आली. आमच्यासमोर पोचली आणि स्कूटर खोकली. उचकी. दुसरी उचकी. बंद.

बायकोने आमच्या दोघांकडे बघितलंही नाही. उतरली, सीट उचललं आणि आत वाकली. इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडावर एक काळी टोपी बसवलेली होती. ताडपत्रीची, कडेने इलॅस्टिक, टाके एका ओळीत. ते टाके ती लहानपणापासून ओळखत होती.

"बाबा?"

"पाणी आत जाऊ नये म्हणून," सासरे शांतपणे म्हणाले. "ढग आले की घालतो, ऊन पडलं की काढतो. अगदी मापाची आहे, बघ. थेंब जाणार नाही."

मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता! चूक सापडली होती आणि ती माझ्या टेबलावर नव्हती. इंजिनालाही श्वास लागतो, त्याचं नाक असं बांधून चालत नाही, प्रेमाने केलं तरी आधी विचारावं, हे सगळं मी त्यांना भर पावसात व्यवस्थित समजावून सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि निमूटपणे खिशात ठेवली. बायकोने किक मारली.

स्कूटर ढिम्म.

आणखी एक किक. ढिम्मच. मग पेट्रोल आहे की नाही बघायला तिने सीटखालच्या टाकीचं झाकण फिरवलं, आणि सुस्स असा लांबलचक आवाज झाला. टाकीने कधीपासून कोंडलेला श्वास आत ओढून घेतला. झाकणावर चिकटपट्टीचे चांगले तीन थर होते.

"हे कोणी केलं?" तिने विचारलं, पण बघत माझ्याकडेच होती.

"झाकणाला एक बारीक भोक आहे," मी म्हणालो. "बनवताना चुकून राहिलं असणार. पावसाचं पाणी पेट्रोलमध्ये जायला नको, म्हणून ढग आले की मी..."

"काचेच्या सलाईनच्या बाटलीच्या बुचात एक जादा सुई टोचून ठेवतात. कशासाठी?"

"कशासाठी?"

"हवा आत गेली नाही तर थेंब खाली पडत नाही."

म्हणजे पाऊस बिचारा निर्दोष. ढग दिसले की सासरे तिची हवा तोडत होते आणि मी पेट्रोल. रविवारी ऊन होतं म्हणून दोघांनीही आपापलं औषध उतरवून ठेवलं होतं, आणि ती बादलीभर पाणी पिऊनही ठणठणीत होती!

बायकोने चिकटपट्टी खरवडून काढली, माझ्या हातात दिली आणि किक मारली. स्कूटर एका फटक्यात सुरू झाली आणि धो धो पावसातून, एकही उचकी न देता, वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

आम्ही दोघे एका छत्रीतून परत निघालो. फाटकाशी आलो तेव्हा माझा फोन वाजला. बायकोचा निरोप होता: वेळेत पोचले, दार उघडलं, किल्ली माझ्याकडेच राहिली. आजपासून तुम्ही दोघांनी सीटला हात लावायचा नाही.

मी तो सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी खिशातून टोपी काढली, पाणी झटकलं, उलटी करून नीट न्याहाळली.

"काही म्हणा, जावईबापू," ते म्हणाले, "माझ्या कामाला निदान अस्तर होतं."