पाठीवर डबा बांधणारा कोळी

कोळ्याच्या पोटी जन्मलेला, मिशा पांढऱ्या झालेला माणूस खाडीत उतरताना तरंगायला पाठीवर पत्र्याचा रिकामा डबा बांधतो, हे तुम्ही कुठे पाहिलंय? आम्ही कळव्यात रोज पाहत होतो. आमचा शेजारी हिराजी. भर भरतीत या काठाहून त्या काठाला पोहून जाईल आणि धापसुद्धा लागणार नाही, असा. तरी डबा बांधल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. त्याच्या भावकीला तोंड लपवायची पाळी आली होती.

हिराजी खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. रिटायर झाला आणि बिघडला. रद्दीतल्या कुठल्याशा मासिकात त्याने एक चित्र पाहिलं. एक गोरा माणूस फळीवर उभा, हातात शीड, आणि वारा त्याला समुद्रावरून ओढून नेतोय. आठ दिवसांत हिराजीने न्हाणीघराचं दार काढलं, तासून गुळगुळीत केलं, त्यावर बांबू बसवला आणि निवडणुकीचे जुने कापडी फलक शिवून शीड केलं. शिडाच्या एका बाजूला ‘प्रचंड बहुमताने’, दुसऱ्या बाजूला कोणा उमेदवाराचं अर्धं नाक. न्हाणीला पुढे वर्षभर गोणपाट होतं. बायको आधीच वारली होती, म्हणून निभावलं.

ही गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. दुपारी वारा सुटला, पाणी चढलं, की हिराजी दार डोक्यावर घेऊन खाडीवर. चढायचा, पडायचा, परत चढायचा. पण जमलं की असा सरकत जायचा की जाळं विणणारे हात थांबायचे. मग आळीतली तरणी पोरं मागे लागली. “हिराजीमामा, आमाला दे ना!”

“डबा बांध, दार घे,” हे त्याचं ठरलेलं उत्तर. डबे त्याने घरीच केले होते, झाकणाला डाख देऊन. आत थेंब शिरायचा नाही.

भांडण तिथेच होतं. कॉलनीतली मुलं सुट्टीत पोहायला शिकतात, त्यांनी डबा बांधावा. कोळ्याच्या पोराने बांधला तर त्याला मुलगी कोण देणार? माझ्या पोराने, गणपतने त्याला तोंडावर सांगितलं, “मामा, डबा बांधला की माणूस डब्यावर विसंबतो. हातपाय मारायला शिकतच नाही.”

“एसटीचा ड्रायव्हर तीस वर्षं गाडी हाकतो. म्हणून ब्रेक काढून घरी ठेवतो का रे?”

“ब्रेक गाडीला असतो मामा, ड्रायव्हरच्या पाठीला नाही!”

“मग तू माझ्या दाराला हात लावू नको.”

मी गणपतच्या बाजूची. हिराजीचं सगळं नाटक आहे असं मला वाटायचं, आणि मला वाटलेलं माझ्या पोटात राहत नाही.

त्याच वर्षी गणपतचं लग्न झालं. सून मंगल, साताऱ्याकडची. विहिरीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही. आमच्या देवीची जत्रा खाडीच्या पलीकडे भरते. नव्या सुनेने होडीतून जाऊन देवीची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. मंगल होडीपर्यंत आली आणि काठावर बसून राहिली. बायका हसल्या. मीही हसले, वर म्हटलं, “घाटावरची ती. आधी घंगाळात बसवून शिकवा.” त्या रात्री ती जेवली नाही. पुढच्या वर्षीही गेली नाही तर आळीत तिची किंमत राहणार नव्हती, हे तिला कळत होतं.

मला न विचारता तिने हिराजीला गाठलं. कळल्यावर मी भांडायलाच खाडीवर गेले. बघते तर अर्धी आळी जमलेली. मंगल कासोटा घालून कमरेएवढ्या पाण्यात, पाठीवर डबा. तिच्यापुढे हिराजी, त्याच्याही पाठीवर डबा, बदकासारखा पाणी उडवत चाललेला. पोरं काठावरून ओरडत होती, “मामा, दोन डबे झाले, आता इंजिन जोडा!”

हिराजी असं सोंग करून पुढे चालत असताना नव्या सुनेकडे बघतो कोण? सगळे त्याला हसत होते. मंगलही हसत होती. मी भांडायचं विसरले.

दोन महिन्यांत ती त्या दारावर बसायला लागली. एकदा उभी राहिली आणि शिडावरच्या अर्ध्या नाकासकट पाण्यात गेली. वर आली ती खिदळतच.

पुढच्या वर्षीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी हिराजी अंगणात डबे वाळवत होता. मी विचारलं, “खरं सांग, तुला रे कशाला लागतो डबा?”

“मला नाय लागत वयनी.” तो डबा पुसत राहिला. “माझी सुशी नगरची होती. लग्नानंतर एकदा डबा बांधून तिला पाण्यात उतरवली. काठावर बायका हसल्या. परत उतरली नाय. सव्वीस वर्षं मी होडीत आन ती काठावर.” मग म्हणाला, “तवा मला आपल्या पाठीला पण एक बांधायचं सुचलं नाय.”

त्या बायकांत मी होते. त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मंगल हिरवा शालू नेसून, ओटीचं ताट घेऊन, पाठीवर डबा बांधून होडीशी आली. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी होडीतला दुसरा डबा उचलला, लुगड्यावर बांधला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. जन्म खाडीवर गेला, पण पोहायला मलाही येत नाही. बाजारात मासे विकताना कोण शिकवणार होतं?

हिराजी पुढे उभा राहून वल्हं मारत होता. त्या दिवशी पलीकडचा काठ येईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

उतरताना माझ्या पाठीकडे बघून म्हणाला, “वयनी, गाठ चुकलीय तुझी. पडली असतीस तर डबा तरंगला असता, तू नाय.”