चार ग्रॅमची पिवळी पट्टी

वजनाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही! हे मी गर्वानं नाही, अनुभवानं सांगतो. नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये मी गेली वीस वर्षं काट्यापाशी उभा आहे. ट्रक आत शिरला की टायरचा फुगवटा पाहून मी सांगतो, माल कमी आहे की जास्त. लग्नात नवरीचा हार पाहून तोळे सांगतो. एकदा एका बारशात बाळाला हातात घेऊन म्हणालो, "तीन किलो दोनशे, दुपट्यासकट." बाळाच्या आईनं ते बाळ पुन्हा माझ्या हातात दिलं नाही, पण आकडा बरोबर निघाला.

तर अशा माणसाच्या बायकोला हलकी सायकल हवी असेल, तर ती दुकानातून आणायची? छे!

बायको म्हणजे कामिनी. वर्षभरापूर्वी तिनं घरातली जुनी लोखंडी सायकल धुऊन काढली आणि मयुरा नावाच्या एका बाईंच्या महिला सायकल ग्रुपमध्ये सकाळी जायला लागली. मला वाटलं, आठ दिवसांचं खूळ. पण आठ दिवसांनी मीच पांघरुणात होतो आणि ती अंबाझरी तलावाला चक्कर मारून येऊन चहा पीत होती. यंदा संक्रांतीच्या आधी जेवताना तिनं जाहीर केलं, की संक्रांतीनंतरच्या रविवारी ती माहेरी जाणार. सायकलनं.

माहेर म्हणजे पारशिवनीच्या पुढचं एक खेडं, त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घरापासून पन्नासेक किलोमीटर. तिथं माझे सासरे देवराव शेती करतात. आणि हे माहेर अंतरापेक्षा लांब आहे. कामिनी शाळेत असताना शाळा दुसऱ्या गावाला होती. तिनं सायकल मागितली. देवराव म्हणाले, पोरीले सायकल कायले, पडली-झडली तर? मग दोन वर्षांनी तिचा धाकटा भाऊ दुर्गेश त्याच शाळेत जायला लागला आणि अंगणात नवी कोरी सायकल आली. कामिनी त्याच्या मागे कॅरियरवर बसून शाळेत गेली, दोघांची दप्तरं मांडीवर घेऊन. हे तिनं मला लग्नानंतर एकदा सांगितलं. फक्त एकदा. बायको जी गोष्ट एकदाच सांगते, ती हलकी नसते, एवढं मला काट्याशिवायही कळतं.

दुर्गेशला फोनवर हे कळलं तेव्हा तो मनापासून हसला. "येजो ताई, येजो. मी गाडी घेऊन राहतो रस्त्यावर. जिथं बसशीन तिथून उचलतो."

फोन ठेवून कामिनीनं जुन्या सायकलमध्ये हवा भरायला घेतली. मग मी बोललो. "तुझी सायकल मी बनवतो. विकत नाही, बनवतो! आठ किलोच्या आत, डिस्क ब्रेकवाली."

"तुम्ही?" कामिनी म्हणाली.

त्या एका शब्दाचं वजन मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पंधरवडाभर घरी खोकी येत राहिली. कार्बनची फ्रेम आली तेव्हा खोकं इतकं हलकं होतं, की मी कुरिअरवाल्याला दारात थांबवून ठेवलं आणि आत काही आहे याची खात्री करून मगच सोडलं. किंमत विचारू नका. ती मी कामिनीलाही सांगितलेली नाही. प्रत्येक भाग केकचं साहित्य मोजायच्या तिच्या छोट्या काट्यावर चढला. स्टँड? नको. मडगार्ड? नको. फ्रेमवरचे स्टिकरसुद्धा मी नखानं खरवडून काढले. कामिनीची मागणी एकच होती : घंटी.

"अडतीस ग्रॅम," मी म्हणालो.

"अन् रस्त्यात म्हैस आली तर?"

"ओरड. ओरडण्याला वजन नसतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओरडण्याचा सराव तिथंच करावा की नाही याचा विचार केला. मग सोडून दिलं.

आता डिस्क ब्रेकचं थोडं समजावून सांगतो, कारण पुढं सगळं त्यावरच घसरतं. चाकाच्या मधोमध एक पातळ पोलादी चकती असते. तिच्या दोन बाजूंना चिमट्याच्या दोन टोकांसारखे दोन पॅड. हँडलचा ब्रेक दाबला की नळीतल्या तेलाच्या जोरानं पॅड चकतीला धरतात आणि सायकल थांबते. कंपनीनं त्या दोन पॅडांच्या मध्ये एक पिवळी प्लॅस्टिकची पट्टी अडकवून पाठवली होती. वजन चार ग्रॅम. काम? मला तरी काही दिसलं नाही. खोक्यात माहितीचा कागद होता, पण वीस वर्षं काट्यावर काढलेला माणूस कागद वाचत बसत नाही. पट्टी उपटली आणि ओल्या कचऱ्यात टाकली. सुक्यात टाकायला हवी होती, ही त्यातली लहान चूक.

शनिवारी संध्याकाळी, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी, कामिनीकडे हळदीकुंकू होतं. वाण म्हणून तिनं यंदा स्टीलचे सराटे आणले होते, तव्यावरची पोळी उलटवायचे. चकाचक, हॉलच्या टीपॉयवर ढीग लावून ठेवलेले. आणि त्या ढिगाशेजारी मी सायकल मांडली होती. पुढचं चाक काढून वेगळं ठेवलं होतं, कारण मी नुकतीच शेवटची बेरीज केली होती : पावणेआठ किलो! हे बायकांना दिसायला नको?

बायका आल्या. नागपूरकडे नवी गाडी पाहायला आलेला माणूस दोन गोष्टी केल्याशिवाय घरी जात नाही. सीट दाबतो आणि ब्रेक दाबतो. शेजारच्या शोभाताईंनी आधी हँडलला हळदीकुंकू लावलं, मग ब्रेक दाबून पाहिला. "मस्त आहे वं कामिनी!" त्यांच्या मागच्या बाईंनी दाबला. मग त्यांच्या सुनेनं. रांगच लागली. हळद, कुंकू, ब्रेक. हळद, कुंकू, ब्रेक. ब्रेक दर वेळी थोडा घट्ट होत गेला. शेवटी शोभाताईंनी पुन्हा एकदा दाबला आणि हात झटकत म्हणाल्या, "बाप्पा! लयच कडक आहे, धर्मेंद्रभाऊ."

"डिस्क आहे," मी म्हणालो. ज्ञान नसलं की वाक्य छोटं होतं.

मग सगळ्यांसमोर चाक बसवायला गेलो. चाक बसेना! दोन्ही पॅड एकमेकांना असे चिकटले होते, जशा वाटणीनंतर बोलायला लागलेल्या जावा. मधून कागद जाईना. मी चाक उलटं करून पाहिलं, फुंकर मारून पाहिली. शेवटी निदान केलं, की उष्णतेनं चकती फुगली आहे.

"जानेवारीत?" कामिनीनं विचारलं.

पॅड उचकटायला काहीतरी पातळ, चपटं हवं होतं. टीपॉयवर सराट्यांचा ढीग होता. मी एक उचललाही. पण माझ्यातला स्टोअरवाला जागा झाला. नवा माल कशाला खराब करायचा? दोन बायका अजून यायच्या होत्या, वाण कमी पडलं तर? मी नवा सराटा ढिगावर परत ठेवला, स्वयंपाकघरात गेलो आणि तव्याजवळचा रोजचा सराटा घेऊन आलो. त्यानं नुकत्याच तिळगुळाच्या पोळ्या तुपात उलटवल्या होत्या. मी तो पँटीला पुसला. स्वच्छता आम्हीही पाळतो.

सराटा घातला, पिळला, पॅड मुकाट बाजूला झाले. चाक खटकन बसलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पहिली चक्कर बनवणाऱ्याची, असं म्हणत मी बसलो.

आमच्या गल्लीला बारीक उतार आहे. सायकल अशी पळाली, की पावणेआठ किलोंवर मी नसून माझाच फोटो बसला आहे असं वाटावं. वाण घेऊन निघालेल्या बायका गल्लीच्या तोंडाशी गप्पा मारत उभ्या होत्या. त्यांच्यासमोर ऐटीत थांबावं म्हणून मी ब्रेक दाबला.

सायकल थांबली नाही. किंचाळली! ते किंचाळणं ऐकून बायका फटकन दोन बाजूंना झाल्या. दोन रांगा, प्रत्येकीच्या हातात उभा धरलेला सराटा आणि मधून हळदीकुंकू लावलेल्या सायकलवर मी. एवढी मोठी सलामी मला लग्नातही मिळाली नव्हती. दुसरा ब्रेक आठवेपर्यंत समोर एका बांधकामाची रेती आली आणि तिनं मला मऊपणे पोटाशी घेतलं.

कामिनी धावत आली. आधी सायकल उचलली.

घरी येऊन तिनं मयुराताईंना स्पीकरवर फोन लावला. त्या सगळं ऐकत होत्या, मध्येमध्ये नुसते प्रश्न विचारत होत्या. चाक काढलेलं असताना ब्रेक कोणी दाबला होता का? सगळ्यांनी. मग पॅड कशानं उघडले? सराट्यानं. कुठल्या?

तव्यावरच्या, मी सांगितलं. मग मयुराताई म्हणाल्या, "दादा, ब्रेकले तूप लावलं तुम्ही. चाक काढल्यावर पॅड चिकटू नये म्हणून मधात घालून ठेवाले पिवळी पट्टी येते, ते कुठी आहे?"

"वजन कमी केलं," मी म्हणालो.

कामिनीनं फोन ठेवला आणि पायरीवर जाऊन बसली. मला वाटलं, आता माझी आरती निघेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "जाऊ द्या. दुर्गेशले सांगते, गाडी घेऊन ये म्हणून."

वीस वर्षांत मी पुष्कळ ओझी मोजली. हे वाक्य कुठल्याच काट्यावर चढवण्यासारखं नव्हतं.

मी उठलो. मयुराताईंना स्वतः फोन लावला आणि त्या सांगतील ते मुकाट ऐकलं. दिवाळीच्या रंगकामातला पॉलिशपेपर माळ्यावरून काढला. शोभाताई इन्सुलिन घेतात, त्यांच्याकडून स्पिरिटच्या पट्ट्यांची डबी मागून आणली. पॅड बाहेर काढून घासले, वरची तेलकट कातडी निघेपर्यंत. चकती स्पिरिटनं पुसली, परत पुसली. शेवटी पॅड पुन्हा बाजूला सारायची वेळ आली, तेव्हा पायरीवरून एक हात पुढे आला. हातात ढिगातला नवा कोरा सराटा होता.

"घ्या," कामिनी म्हणाली. "वाण कमी पडलं तर पडू द्या."

चाक बसलं. या वेळी चक्कर तिनं मारली. गल्लीच्या तोंडाशी तिनं ब्रेक दाबला आणि सायकल शहाण्या बैलासारखी जागच्या जागी उभी राहिली. बाकीच्या तयारीला मला विचारण्यात आलं नाही.

रविवारी उजाडताना ती निघाली. मागे स्कूटरवर मी. तिच्या जर्सीच्या पाठीवरच्या खिशात तिळगुळाचा डबा आणि आईसाठी वाणाचा सराटा होता. मी तोंड उघडलं, तिनं नुसतं वळून पाहिलं, मी हेल्मेट घातलं. कन्हान नदी ओलांडली, तुरीची शेतं लागली. एका चढावर तर स्कूटरवरचा मी मागे पडलो. एका फाट्यावर दुर्गेश खरंच गाडी लावून उभा होता. कामिनी त्याच्या समोरून गेली. थांबली नाही, घंटी नव्हती म्हणून हात हलवला. तो गाडी सुरू करून आमच्या मागे आला, वरातीत शेवटी चालणाऱ्या पाहुण्यासारखा.

देवराव अंगणात तूर वाळत घालत होते. लेक सायकलनं फाटकातून आत आली, ब्रेक दाबला आणि बरोबर त्यांच्या चपलांपाशी थांबली. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. देवरावांनी लेकीकडे पाहिलं नाही. त्यांनी सायकल पाहिली. मग ती एका हातानं उचलली. मग दोन बोटांनी. त्यांचा चेहरा पडला.

"जावईबापू, पैसे पुरे देले का याचे?"

"हो."

"मंग माल कमी देला गा त्यानं तुमाले!"

जन्मात प्रथमच वजनाच्या बाबतीत कोणी माझी कीव केली. मी समजावायला गेलो, की हलकं तेवढं महाग. देवरावांनी जन्मभर कापूस काट्यावर घातलेला. त्यांनी ते ऐकून घेतलं, जसं तापातल्या माणसाचं ऐकतात.

"अन् याले घंटी काहून नाही?"

कामिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी तुरीकडे पाहिलं.

देवराव गोठ्यात गेले. येताना बैलाच्या गळ्यातली पितळेची घाटी घेऊन आले. खाली बसून त्यांनी ती सुतळीनं माझ्या कार्बनच्या हँडलला बांधली, दोन गाठी मारून. अर्धा किलो तरी असेल! मी मोजायचा मोह आवरला. गाठ आवळताना, मान वर न करता ते म्हणाले, "तवाच द्याले पाहिजे होती तुले."

घाटी की सायकल, हे कोणी विचारलं नाही. कामिनीनं घाटी एकदा हलवून वाजवली. गोठ्यातून बैलानं उत्तर दिलं.

जेवणानंतर परतायला दुर्गेशची गाडी होती. सायकल आत मावावी म्हणून त्यानं पुढचं चाक काढलं. मी पिवळी पट्टी नाही तर पुठ्ठ्याची घडी तरी आणायला म्हणून आत वळलो, तेवढ्यात देवराव सायकलजवळ आले. नवी गाडी. आधी सीट दाबली.

"बाबा, नको!" मी ओरडलो. ओरडण्याला वजन नसतं, म्हणून ते पोचलं नाही. देवरावांनी ब्रेक दाबला. चांगला दोन-तीनदा.

"कडक आहे," ते खुशीत म्हणाले.

कामिनीनं हाक मारली, "आई, सराटा दे वं!"

"तव्यावरचा नको!" मी पुन्हा ओरडलो. सासूबाईंनी सकाळी मिळालेलं वाण आणून दिलं आणि परत मागितलं नाही.

तो सराटा आता कायमचा सायकलच्या सीटखाली बांधलेला असतो. पुढे घाटी वाजते, मागे सराटा. दर महिन्याला कामिनी माहेरी जाऊन येते आणि देवराव माल कमी आला म्हणून तिच्या पाठीवर दोन किलो तूरडाळ लादतात. परवा मी चोरून सायकल काट्यावर घातली. आकडा सांगत नाही. नुसत्या सराट्याचं वजनच नव्वद ग्रॅम आहे.

चार ग्रॅम मी वाचवले होते!