ऊन साठवणारा पडदा

सरकारला सल्ला द्यावा तर आम्हीच! ही बढाई नाही, माझी नोकरी आहे. सरकारच्या विज्ञान सल्लागार मंडळाचा मी सचिव. शाळेत विज्ञान कसं शिकवावं, प्रयोगशाळेतला शोध बाजारात कसा न्यावा, संशोधनाचा पैसा कुठे घालावा, यावर मंडळातले विद्वान तासन्‌तास बोलतात. आणि ते नेमकं काय बोलले, हे मागाहून मी ठरवतो.

त्यामुळे बायकोने सकाळी चहा घेता घेता तक्रार केली, तेव्हा मी नुसता हसलो. ती शाळेत विज्ञान शिकवते.

"अहो, आमची प्रयोगशाळा बंद करणार आहेत. मुख्याध्यापकांना मोडकी बाकं ठेवायला खोली हवी आहे."

"एवढंच ना? यंदाच्या अहवालात एक वाक्य टाकतो. 'शाळांच्या प्रयोगशाळा मुलांसाठी रोज उघड्या असाव्यात.' मंत्र्यांची सही झाली की मुख्याध्यापकांची बाकं रस्त्यावर!"

"नक्की?"

"अगं, अहवाल लिहितो कोण?"

तिने माझ्याकडे इतक्या विश्वासाने पाहिलं की मी ऑफिसला चालत गेलो की तरंगत, हे मला आजही सांगता येणार नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं बघणं सहसा वाट्याला येत नाही हो!

दुपारी लिहायला बसलो. बायकोचं वाक्य पहिल्याच पानावर टाकलं. मग 'बाजारात आणण्याजोगा शोध' या प्रकरणासाठी एखादं उदाहरण हवं होतं. आमच्याकडे पद्धत अशी, की खरं उदाहरण हाताशी नसलं तर मनातलं काहीतरी लाल अक्षरांत लिहून ठेवायचं आणि नंतर बदलायचं. खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर येऊन पसरलं होतं. पडदा हलला की ते कागदावरून हळूच सरकायचं. मला वाटलं, हे ऊन असंच पडद्यात मुरवून ठेवता आलं तर? संध्याकाळी घरी जावं, दिवा लावूच नये, पडदा सोडावा आणि दुपार पुन्हा खोलीभर उतरावी! माझी बोटं आपोआप चालू लागली. 'ऊन साठवणारा पडदा. दिवसा पितो, संध्याकाळी परत देतो.' लाल अक्षरांत, बरं का! चांगलं पानभर लिहिलं.

ऑफिसच्या प्रिंटरमधली लाल शाई संपली होती. त्या शहाण्याने मला न विचारता सगळं काळ्यात छापलं, आणि शिपायाने प्रती थेट मंडळाच्या संध्याकाळच्या बैठकीच्या टेबलावर मांडल्या. मी पोचलो तेव्हा अध्यक्ष पडद्याच्याच पानावर होते.

"वा! याला म्हणतात शोध!"

मी घाईघाईने म्हणालो, "सर, तो पडदा म्हणजे खरं तर..."

"मला माहीत आहे," अध्यक्ष म्हणाले. आमच्या मंडळात 'हे काय आहे' असं विचारायची पद्धत नाही. ज्याला माहीत नाही तो मंडळावर कशाला, असं लोक म्हणतील ना!

"मी तर कधीपासून ऐकून आहे," मंडळावरच्या कारखानदारांनी री ओढली. "परवाना आम्हालाच मिळायला हवा."

"आठवीच्या पुस्तकात धडा घालू," शिक्षणतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "शेवटी पाच प्रश्न."

"अहो, पण तो पडदा अजून कुणी..."

"नम्रता पुरे, सचिव!" अध्यक्षांनी पान उलटलं. "हे मात्र काढा. 'प्रयोगशाळा रोज उघड्या असाव्यात.' फारच साधं आहे. इतक्या साध्या गोष्टीला सल्लागार मंडळ कशाला हवं?"

आणि माझ्या डोळ्यांदेखत बायकोच्या वाक्यावर काट मारली! मला तिचा सकाळचा चेहरा दिसला. घरी काय तोंड दाखवू? तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, "पडद्याची चाचणी कुठे घ्यायची? एखादी शाळा हवी, प्रयोगशाळा असलेली."

मी विजेच्या वेगाने बायकोच्या शाळेचं नाव सांगितलं. सरकारी चाचणी म्हटल्यावर बाकं आत टाकायची कुणाची छाती आहे? वाक्य गेलं तर जाऊ दे, खोली वाचली! पडद्याचं खरं काय ते सावकाश सांगू, असं ठरवून मी शीळ घालत घरी आलो.

पुढच्याच आठवड्यात बायको शाळेतून आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"प्रयोगशाळेला सरकारी सील लागलं. पडद्याची चाचणी शाळेनेच करायची, पण निकाल येईपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही म्हणे. मुलं दाराबाहेर उभी होती हो! कुठे आहे तो पडदा?"

मी तिला खुर्चीवर बसवलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. ऊन, प्रिंटर, नम्रता, सगळं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती ऐकत राहिली आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

मग ती उठली आणि तिने बैठकीच्या खोलीतला आमचा पिवळा पडदा सर्रकन खाली ओढला.

"शोध तुमचा, पडदाही तुमचाच. चाचणी शाळेने करायची आहे ना? मी मुलांकडून करून घेते. चालत नाही असं सिद्ध झालं की सील निघालं!"

दुसऱ्या दिवशी तिचा अख्खा वर्ग आमच्या घरी. पोरांनी पडदा दिवसभर गच्चीवर उन्हात धरला. शेजारी अगदी तसाच दुसरा पडदा सावलीत ठेवला. कुणी कडेला थर्मामीटर लावला, कुणी माझा चष्मा पळवला. संध्याकाळी आतल्या खोलीच्या फटीसुद्धा कापडाने बुजवल्या आणि दोन्ही पडदे टांगले. दारं लावली. काळोख! पोरं चिडीचूप.

मी भिंतीला टेकून उभा होतो. पडद्याला उन्हाचा वास येत होता. वाळत घातलेल्या कपड्यांना येतो तसा, ऊबदार. आणि बघता बघता डावीकडचा पडदा उजळला! अगदी हलका पिवळा उजेड, जमिनीवरून सरकत माझ्या पायांशी आला. मंडळींनो, मी तो पाहिला!  सीलबील मी विसरूनच गेलो.

"दिसला!" मी ओरडलो. "डावीकडे! तिथेच आहे उजेड!"

काळोखातून बायकोचा आवाज आला, शांत. "आणखी कुणाला दिसला?"

"नाही बाई!" सगळा वर्ग एका सुरात.

"पण मी म्हणतो ना! मी स्वतः पाहिला!"

माझ्या कोपराजवळून एक चिमुरडी समजुतीच्या स्वरात म्हणाली, "काका, तुमचं धरायचं नाही. ज्याला पडदा चालावासा वाटतो, त्याची साक्ष घ्यायची नसते. बाईंनी शिकवलंय."

कुणीतरी दार उघडलं. उन्हात धरलेला पडदा उजवीकडचा होता.