पीट मॉसच्या मोहिमेची व झारीच्या पराक्रमाची हकीकत

सुज्ञांचे सेवेसी विनंती ऐसी जे, थोरांच्या लढाया लिहिणारे लेखणीबहाद्दर उदंड जाहले, परंतु शेवाळाच्या लढाईसाठी कोणी दौत उघडली नाही, सबब हे काम आम्हांवर आले. जे घडले तेच लिहिले आहे. वाचताना हसू आल्यास आमचा इलाज नाही.

वनस्पतिशास्त्र विभागाच्या दौलतीत खासे विभागप्रमुख, परिसंवादभूषण, अनुदानवल्लभ, फीत कापण्यात अजिंक्य, गादीवर होते, आणि त्यांचे पदरी एक कंत्राटी संशोधिका होती, तिला सारा विभाग शेवाळबाई म्हणे. या बाईंनी एका आडगावामागच्या ओल्या खळग्यात फिकट हिरवी, मऊ गादी पाहिली, आणि हाताने दाबली तो पाणी मनगटापर्यंत आले. तेच पीट मॉस, म्हणजे आपल्या वजनाच्या कैकपट पाणी पिऊन बसणारे शेवाळ. बाईंचा जीव तेथेच जडला. परंतु गावच्या कारभाऱ्यांनी तो खळगा मुरूम टाकून बुजवावा आणि वर गाड्यांचा तळ करावा, ऐसी मसलत केली होती. हे शेवाळ या मुलखी पूर्वी न नोंदलेल्या जातीचे आहे, असे गावसभेपूर्वी सिद्ध जाहले तरच खळगा वाचणार, आणि खळगा वाचला तरच बाईंचे कंत्राट.

मोहिमेत छायाचित्रकार येणार असे कळताच खाशांची स्वारी जातीने निघाली. मग दोन जीपगाड्यांनी कूच केले, आणि खळग्याशी मुक्काम जाहला, आणि बाईंनी अर्ज केला की हुजुरांनी गादीवर पाऊल ठेवू नये, खाली तळ नाही. परंतु गादी दिसली आणि बसलो नाही, हे खाशांच्या घराण्यात कधी घडले नव्हते. दोन पावले पुढे टाकून हसरी मुद्रा केली, आणि त्याच मुद्रेने गुडघ्यापर्यंत आत गेले. मग चौघांनी बगलेत धरून खेचले, तेव्हा खासे बाहेर आले, आणि बूट मागाहून आले. बाईंनी कडेचा मूठभर नमुना, बारीक कोवळ्या बोंडांसह, डब्यात घेतला.

आता दस्तूर ऐसा की नमुना वाळवून कागदी पाकिटात घालावा, तेव्हाच मोठ्या प्रयोगशाळेतील जाणकार तो तपासण्यास घेत. विभागात वाळवण्याचा ओव्हन एकच. तेथे खाशांचे फर्मान सुटले की आधी बूट वाळतील, कातडे अस्सल आहे, घाई करू नये. सबब विज्ञान बाहेर राहिले आणि बूट आत गेले.

बाईंनी नमुना घरी नेऊन खिडकीत वर्तमानपत्रावर पसरला. सकाळी पाहतात तो ओला. कागद बदलला. दुसरे दिवशी पुन्हा ओला. पंखा लावला, तरी ओलाच. बाईंची झोप उडाली, आणि त्यांनी हुजुरास इतल्ला दिली. खासे मात्र हर्षभरित जाहले, आणि "कदापि न वाळणारे शेवाळ" या नावाने सिद्धांत मांडून मोकळे जाहले, आणि वृत्तपत्रांतही तो धाडून दिला.

गावसभा उद्यावर आली, तेव्हा पहाटे बाई पाणी प्यायला उठल्या, तो खिडकीशी खुद्द सासरे हाती झारी घेऊन उभे. यांची हयात पाणीपुरवठा खात्यात गेली होती, आणि कोरडे काही दिसले की त्यांचा हात आपोआप नळाकडे जाई.

"बाबा! तुम्ही याला रोज पाणी घालता?"

"अगं, सुकत चाललं होतं बिचारं. पाहुणा घरात आणायचा आणि साधं पाणीही विचारायचं नाही, हे बरं दिसतं का?"

बाईंना रडू आले. पण रडण्यास सवड नव्हती. आहे तसा ओला नमुना ताटलीत घेऊन त्या मोठ्या प्रयोगशाळेत दाखल जाहल्या, आणि चष्मेवाल्या जाणकार बाईंसमोर सासऱ्यांसकट सारे खरे सांगितले. जाणकार बाईंनी ओला नमुना घेत नाही म्हणून ताटली टेबलावरच्या दिव्याकडे सारली. पाणी पिऊन बोंडे पिकली होतीच, त्यांना दिव्याची ऊब लागली, आणि एक बोंड टिक्‌ करून फुटले. मग दुसरे, मग तिसरे, ऐसा मोहरीएवढ्या तोफांचा भडिमार जाहला, आणि बीजाणूंची धूळ जाणकारांच्या चष्म्यावर बसली. त्यांनी चष्मा न पुसता तसाच सूक्ष्मदर्शकाखाली धरला, पुष्कळ वेळ पाहिले, आणि म्हणाल्या, "ही जात इकडे कुणी नोंदलेली नाही. आणि वाळवलं असतंत ना, तर ही बोंडं पिकलीच नसती."

गावसभेत निकाल वाचला, आणि मुरुमाचे ट्रक भरलेले परत गेले. सिद्धांताचे काय, असे कोणी पुसताच खाशांनी पापणी न लववता जाहीर केले की पाणी देणे हा प्रयोगाचाच भाग होता. पुढे निबंध छापला, त्यात पहिले नाव खाशांचे, बाईंचे नाव शेवटच्या ओळीत, आणि तिच्याही खाली आभार मानले होते "नियंत्रित सिंचन व्यवस्थेचे".

बाईंनी ते घरी मोठ्याने वाचून दाखवले.

"ही व्यवस्था म्हणजे कोण गं?"

"तुम्ही, बाबा."

सासऱ्यांनी ते कानाआड केले आणि खिडकीत उरलेल्या हिरव्या चिमटीकडे पाहिले. "ते असू दे. आज पाणी घातलंस का त्याला?"

बाईंनी निबंध खाली ठेवला आणि झारी उचलली. येणेप्रमाणे खळगा राहिला, कंत्राट वाढले, खाशांचे बूट आकसून एक नंबर लहान जाहले, आणि शेवाळ अद्याप ओले आहे. फत्ते जाहली ती झारीची, म्हणोन येथे रुजू केली असे.