नमुना शीतखोलीत न्यावा

सामायिक जैवरेणू प्रयोगशाळांची परिषद म्हणजे नेमकं काय, हे वहिनींनी दिरांना पुन्हा पुन्हा समजावलं होतं. महागडं यंत्र एकेकट्याला परवडत नाही, म्हणून बऱ्याच प्रयोगशाळा मिळून एकच यंत्र वापरतात आणि वर्षातून एकदा त्यांची माणसं एकत्र जमतात.

"आणि भांडतात," दीर म्हणाले. म्हणजे त्यांना समजलं होतं.

यंत्र सध्या वहिनींच्या ताब्यात होतं. ते तिथेच ठेवायचं की दुसरीकडे हलवायचं, हे यंदा परिषदेचे प्रमुख पाहुणे ठरवणार होते. पाहुण्यांनी आपल्याकडचा एक नमुना पाठवायचा, वहिनींनी तो सगळ्यांसमोर यंत्रात घालायचा, पडद्यावर धड निकाल उमटला की यंत्र राहिलं. ऐन वेळी स्वागताच्या टेबलावरची मुलगी तापाने आडवी झाली आणि दिरांना तिथे बसवण्यात आलं. दीर गोदामातून निवृत्त झाले होते. सांगितलेलं काम सांगितल्या शब्दांप्रमाणे करणारा माणूस, अशी त्यांची तिथे ख्याती होती. निरोप समारंभाला गर्दी बरी होती.

सभागृहातला माइक रुसला होता, त्याच्याशी झटापट करता करता वहिनींनी फोनवर सूचना दिल्या. नमुना येईल. आल्या आल्या शीतखोलीत न्यायचा, हलवायचा नाही, आणि मी सांगेपर्यंत बाहेर काढायचा नाही.

"ओळखायचा कसा?" दिरांनी विचारलं.

"बघताक्षणी कळेल, भाऊजी," म्हणून वहिनींनी फोन ठेवला.

आता, ‘नमुना’ हा शब्द वहिनी घरी माणसांसाठीच वापरत. वरच्या मजल्यावरचे काका नमुना होते, नणंदेचा नवरा नमुना होता, आणि दीर समोर नसले की दीरही होते. तेव्हा दीर दाराकडे डोळे लावून बसले.

थोड्या वेळाने एक गृहस्थ आत आले. स्वेटर उलटा, एका पायात बूट, दुसऱ्या पायात चप्पल. येता येता कुंडीतल्या रोपाला त्यांचा धक्का लागला, तर रोपाला "माफ करा" म्हणाले. दिरांच्या मनात शंका उरली नाही.

"तुमचीच वाट बघत होतो. चला."

गृहस्थांचा जन्म परिषदांत गेला होता. जिथे नेतील तिथे जायची सवय होती. दिरांनी त्यांना शीतखोलीतल्या स्टुलावर बसवलं, स्वतःचं जाकीट दिलं, हलायचं नाही म्हणून बजावलं आणि बाहेरून कडी घातली.

मग थर्माकोलचा खोका आला. त्यावर पाठवणाऱ्याचं म्हणून प्रमुख पाहुण्यांचं नाव ठळक अक्षरांत होतं. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर त्याच नावाची पाटी होती. दिरांनी खोका पाटीशी नेऊन ठेवला आणि पुष्पगुच्छ त्याच्यावर. सूत्रसंचालकाने पाहुण्यांचं स्वागत केलं, टाळ्या झाल्या. मागच्या रांगांना पुढे कोण बसलंय हे कुठल्याच परिषदेत दिसत नाही.

भाषणं संपली, प्रयोगाची वेळ झाली. पाहुणे कुठे दिसेनात म्हणून वहिनी सोफ्याशी गेल्या, तर खोक्यातून पाणी ठिबकत होतं. त्यांनी दिरांना गाठलं.

"भाऊजी, नमुना सोफ्यावर कसा काय?"

"नाही वहिनी, नमुना आत आहे. आत्ताच काचेतून बघितला. जरा हलतोय, पण जिवंत आहे."

वहिनींना आधी काही कळेना, मग सगळंच कळलं. त्यांनी धावत जाऊन कडी काढली. आत पाहुण्यांचे दात वाजत होते. माफी कुठून मागायला सुरुवात करावी हे न सुचून वहिनी म्हणाल्या, "सर, खोक्यातला बर्फ वितळला. आता निकाल यायचा नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

पाहुण्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. तो नमुना ते आपल्या प्रयोगशाळेत टेबलावरच विसरले होते. तो कधीच नासला होता, आणि तसाच बर्फात घालून त्यांनी पाठवला होता. आज सगळ्यांदेखत पडद्यावर काय उमटणार, या धास्तीत पायात काय घातलंय याचंही त्यांना भान नव्हतं.

"इथे खराब झाला, असं म्हणू या का?"

"मग माझं यंत्र जाईल, सर."

"बरं. प्रवासात झाला."

"प्रवासात," वहिनी म्हणाल्या. प्रवास काही बाजू मांडायला हजर नव्हता.

पाहुण्यांनी व्यासपीठावर जाकिटासकट जाहीर केलं की या प्रयोगशाळेत नमुन्याची निगा किती काटेकोर राखतात, हे आपण स्वतः अनुभवलं आहे. यंत्र इथेच राहील. सभागृहात टाळ्या पडल्या. बाजूला उभे असलेले दीर वहिनींकडे झुकले.

"वहिनी, हा आता परत पाठवायचा, की आपल्याकडेच ठेवायचा?"