शंकरअण्णांची स्टँडबाय खुर्ची

शंकरअण्णांकडे प्रत्येक वस्तू दोन. दोन छत्र्या, दोन चष्मे, दोन मिक्सर. दर सोमवारी सकाळी अदलाबदल, वापरातली वस्तू आरामाला आणि दुसरी कामाला. जुन्या नंबरच्या चष्म्याची पाळी आली की अण्णा आठवडाभर भलत्यांनाच नमस्कार करत हिंडत.

चामराजपेटेत आमचं घर त्यांच्या समोर. अण्णांची सगळी नोकरी मोठ्या युद्धनौकांचे हायड्रॉलिक पंप तपासण्यात गेली. या पंपांच्या जोरावर जहाजाचं सुकाणू वळतं. ज्या शहरात तळीसुद्धा धड भरत नाहीत, तिथं बसून हा माणूस जहाजं वळवायचा. समुद्र पाहिला तो एकदाच, गोकर्णाला, तोही बायकोनं ओढत नेलं म्हणून.

"सुकाणूला पंप दोन," ते सांगायचे. "एक चालू, एक स्टँडबाय. भर समुद्रात एक बसला की दुसऱ्यानं लगेच उचलायचं. म्हणून दोघांनाही पाळीपाळीनं चालवायचं. पडून राहिला की जाम होतो. सरी?"

आपणही कन्नडमधलं "सरी", म्हणजे "बरं", म्हणायचं. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

गॅलरीत वेताच्या दोन खुर्च्या होत्या. सोमवारी नवराबायकोनं जागा बदलायच्या. अक्का वैतागायच्या. "तिथं ऊन येतंय, हो! मी काय पंप आहे?" पण उठायच्या.

अण्णांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि आपणच आधी जाणार हे त्यांनी ठरवून टाकलं. अक्कांना बँक शिकवली, वीजबिल शिकवलं. अक्का सगळं शिकल्या आणि साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. अण्णांकडे बघवत नव्हतं. तरी एक आठवडा ते त्या खुर्चीत बसायचे, एक आठवडा या. अंगावर ऊन आलं तरी हलायचे नाहीत.

परवा मुलगा कोरमंगलाहून टेम्पो घेऊन आला, वडलांना कायमचं न्यायला. दुसरा मिक्सर, दुसरी छत्री अण्णांनी मुकाट्यानं सोडली. खुर्च्यांपाशी मात्र अडले.

"अप्पा, बाल्कनीत एकच मावेल," मुलगा म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. बाल्कनीच लहान होती.

अण्णा दोन्ही खुर्च्यांच्या पाठींवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी एक उचलली, रस्ता ओलांडला आणि माझ्या दारात आणून ठेवली.

"दत्तू, सोमवारी स्वल्प बसत जा हिच्यात. जाम होईल."

"बसेन. पण ही तुमची की अक्कांची?"

"तेच कळेना रे. बदलून बदलून दोन्ही सारख्याच झिजल्यात." वळता वळता म्हणाले, "मी तिला स्टँडबाय समजत होतो. चालू पंप तीच होती."

आज सोमवार. सकाळीच अण्णांचा फोन आला.

"बसलास?"

"बसलोय, अण्णा."

"ऊन येतंय?"

"येतंय थोडं."

मग म्हणाले, "सावलीला सरकव रे. तिला सोसत नाही."