दिगंबरची उतरवणी

एका जंगलात एक अस्वलीण राहायची, आणि तिच्या पाठीवर तिचा मुलगा राहायचा.

तिचं नाव कृष्णाबाई. मुलाचं नाव दिगंबर. वय वर्षं सव्वीस.

मुलांनो, हसू नका. अस्वलाची पिल्लं आईच्या पाठीवरच मोठी होतात. पण दोन वर्षं झाली की त्यांची उतरवणी करतात. म्हणजे पाहुणे बोलवायचे, पिल्लाच्या जिभेवर मध ठेवायचा आणि त्याला जमिनीवर सोडायचं. ते दोन पावलं टाकतं. सगळे टाळ्या वाजवतात. जेवणं होतात. संपलं.

दिगंबरची उतरवणी राहून गेली. पहिल्या वर्षी जमीन ओली होती. दुसऱ्या वर्षी जमीन कोरडी होती. तिसऱ्या वर्षी एक आत्या रुसली. मग दिगंबरलाच विचारलं, तर तो म्हणाला, "जमीन टोचते."

"तू कधी पाय ठेवलायस?"

"नाही. पण बघूनच कळतं."

जंगलाचे वैद्य साळिंदर होते. सुया घरच्याच. त्यांनी कृष्णाबाईंची पाठ दाबून बघितली.

"हा उन्हाळा काढाल. पुढचा नाही. मणका गेला की कायमच्या आडव्या."

"मग करू काय वैद्यबुवा?"

"वजन उतरवा."

"हळू बोला. वजन ऐकतंय."

"मी नाही उतरणार," वजन म्हणालं.

त्याच आठवड्यात जंगलात सिनेमा लागला. 'बाळ निघालं हो'. गुहेत पडदा, मागे काजव्यांचं मशीन.

गोष्ट साधी होती. एक मोठा झालेला, पण मनानं फार निर्मळ असा अस्वलाचा मुलगा पहिल्यांदाच घर सोडतो. मगरीला ताई म्हणतो. मगर रडते आणि त्याला नदीपलीकडे सोडते. वाघाची गुहा त्याला लॉज वाटते. वाघ त्याला पांघरूण घालतो आणि दुसऱ्या दिवसापासून पालेभाज्या खातो. शेवटपर्यंत हिरो काहीही शिकत नाही. बाकीचे सगळे शिकतात. अशा सिनेमाला हृदयस्पर्शी म्हणतात.

प्रेक्षक ढसाढसा रडले. साळिंदर हुंदके देताना दोन्ही बाजूंच्यांना टोचले. तरसभाऊ जन्मापासून फक्त हसायचे, ते पहिल्यांदा रडले.

"असा जीव माझ्या दारात आला ना," सांबरीणकाकू म्हणाल्या, "तर पोटाशी धरीन हो मी त्याला!"

"आणि चाल बघा त्याची. तरंगतो नुसता! जमिनीला पाय लागत नाहीत."

"पाय दिसतच नाहीत," कृष्णाबाई म्हणाल्या. "कमरेच्या वरचंच दाखवतात."

"तुम्हाला कलेतलं काही कळत नाही हो."

कृष्णाबाईंनी तीन तास उभं राहून सिनेमा बघितला. दिगंबर पाठीवर. मागचे ओरडत होते, "ओ, वरच्याला खाली बसवा!" कृष्णाबाई म्हणाल्या, "तुम्ही सांगून बघा."

सिनेमा संपला. दिगंबरनं आईच्या कानानं डोळे पुसले.

"आई, मी पण भोळा आहे ना गं?"

"आहेस रे बाबा."

"मग मी उद्या घर सोडतो."

कृष्णाबाईंचा कानांवर विश्वास बसेना. कान ओलेही होते.

सकाळी दिगंबर खरंच उतरला. मुहूर्त नाही, मध नाही. "टोचते," म्हणाला आणि निघाला.

कृष्णाबाईंनी पाठ सरळ केली. असा आवाज झाला की झाडावरचे पोपट उडाले. मग त्यांना थोडं रडू आलं. मग त्यांनी पाठ झाडाला घासली. तिथे सव्वीस वर्षांची खाज होती.

दिगंबर आधी सांबरीणकाकूंकडे गेला.

"काकू, मी भोळा आहे. घर सोडलंय. पोटाशी धरा."

"अरे अरे, आत नको येऊस! आम्ही निघालोच आहोत."

"कुठे?"

"सिनेमाला. तिसऱ्यांदा." काकूंनी आत्ताच डोळ्याला पदर लावला. "काय रे तो जीव!"

मग तो तरसभाऊंकडे गेला.

"भाऊ, दोन दिवस राहू का?"

"सव्वीस वर्षांचा घोडा झालास, लाज नाही वाटत?"

"मी अस्वल आहे."

तरसभाऊ हसले. ते तसेही हसतात. मग त्यांनी दार लावलं.

मग तो नदीवर गेला आणि मगरीला ताई म्हणाला. मगरीनं सिनेमा बघितला नव्हता. आता दिगंबरला शेपूट नाही. तशी आधीही फारशी नव्हती.

चौथ्या दिवशी जंगलात बातमी आली की सिनेमाचा हिरो चंदनकुमार गुहेत येणार. दिगंबर लंगडत मागच्या बाजूनं आत शिरला. चंदनकुमार एका खडकाआड उभा होता. कमरेच्या वरचाच दिसत होता.

"दादा, तुम्ही असं तरंगत कसं चालता? मला शिकवा ना."

"मित्रा," चंदनकुमार म्हणाला, "पायानं नाही चालायचं. मनानं चालायचं."

"चंदू, पाय आवर," खडकाआडून आवाज आला. "कानात जातोय."

दिगंबरनं वाकून बघितलं. खाली एक पिकलेल्या केसांची अस्वलीण होती. तिच्या पाठीवर चंदनकुमार बसला होता.

"तुम्ही कोण?"

"याची आई. सिनेमात मी पण आहे. खालच्या अर्ध्यात. तो अर्धा कापला."

"म्हणजे घर कुणी सोडलं?"

"मीच की. सतरा वेळा. दिग्दर्शकाला पसंत पडेना. हा नुसता वर होता."

दिगंबरनं स्वतःचे पाय बघितले. फोड, काटे, चिखल. पण ते त्याचेच होते. तो घराकडे वळला.

तेवढ्यात खेळ सुटला. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर आले, तर समोर लंगडत चाललेला दिगंबर.

"अगं बाई, हा घरी चाललाय!" सांबरीणकाकू म्हणाल्या. "चला चला, शेवट बघू!"

सगळे त्याच्या मागे गेले. कृष्णाबाई दारात होत्या. गर्दी दिसताच त्यांनी पाठ भिंतीला घट्ट लावली.

"आई," दिगंबर म्हणाला, "पाय दुखतात."

"घ्या हो त्याला पाठीवर!" तरसभाऊ रडत ओरडले.

"शेवट गोड करा!"

"आईचं काळीज आहे ना तुम्हाला?"

"काळीज आहे," कृष्णाबाई म्हणाल्या. "मणका संपलाय. ज्याला ज्याला रडू येतंय त्यानं इथे ओळीनं वाकावं. दिगू, आवडेल त्या पाठीवर बस."

रडू थांबलं. एकदम थांबलं. सांबरीणकाकूंना आठवलं की दूध गॅसवर आहे. जंगलात गॅस नाही. तरसभाऊंच्या कमरेत उसण भरली, उभ्या उभ्या. फक्त वैद्य साळिंदर छाती पुढे काढून म्हणाले, "माझ्या पाठीवर बसू दे की! खुशाल बस बाळा!"

बाळ बसलं नाही.

पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं. दिगंबर तिथेच उभा होता. दोन पायांवर, मग चारांवर.

"आई, आता?"

"जीभ काढ."

त्यांनी त्याच्या जिभेवर मध ठेवला.

"आता दोन पावलं टाक."

"मी चार दिवस चालतोय गं."

"मी बघितलं नाही. टाक."

दिगंबरनं दोन पावलं टाकली. एकट्या कृष्णाबाईंनी टाळ्या वाजवल्या. जेवणं झाली नाहीत.

"वारूळ त्या टेकाडामागे आहे," त्या म्हणाल्या. "चालत जा. वाळवी आपली आपण उकरून खायची."

"आणि तू?"

"मी सिनेमाला. पाठ टेकून बघायचाय एकदा."

तात्पर्य: मुलांनो, भोळ्या जिवावर भरभरून माया करावी. मात्र थिएटरात जाताना पाठ घरी ठेवावी आणि घरी येताना तो जीव थिएटरात ठेवावा. तेही जमत नसेल तर अंगावर काटे वाढवावेत. मग पाठ कुणालाही मोकळ्या मनानं देऊ करता येते.